लाव्हीचे मांस आणि न दिसणारे जंतू



गळीत हंगाम आटोपला, खोडव्यातले पाचट कुजत घातले, की आपल्याकडे जोडधंद्याच्या गोष्टी निघतात. गाई-म्हशी झाल्या, कोंबड्या झाल्या. अलीकडे काही तरुण सभासद जपानी लाव्ही पाळू लागले आहेत. बाजारात हिलाच बटेर किंवा क्वेल म्हणतात. एका कोंबडीच्या जागेत आठ-दहा लाव्ह्या मावतात, अंड्यातून पिल्लू सतरा-अठरा दिवसांत बाहेर येते आणि पाच आठवड्यांत पक्षी विक्रीला तयार होतो. ऊस बिलाची वाट बघत बसण्यापेक्षा हातात लवकर पैसा येतो, म्हणून पोरांचे लक्ष तिकडे गेले तर नवल नाही.

या मंडळींशी बोलताना एक वाक्य हमखास कानावर येते. “लाव्हीला रोग येत नाही, लस लागत नाही, मग तिच्या मांसात भानगड कसली?” या वाक्याचा पहिला भाग बहुतांशी बरोबर आहे. लाव्ही कोंबडीपेक्षा काटक आहे. परंतु दुसरा भाग साफ चुकीचा आहे. पक्षी आजारी न पडताही त्याच्या आतड्यात असे जंतू सुखाने राहतात, जे माणसाच्या पोटात गेले तर त्याला अंथरुणाला खिळवतात. हे मी पुस्तकात वाचले होते, पण पटले मात्र बोरीवलीला गेल्यावर.

बोरीवलीस काय घडले

हे सांगताना संकोच वाटतो, कारण चूक आमच्याच घरची आहे. परंतु दुसऱ्याच्या चुकीवर पाठ लिहिण्यापेक्षा स्वतःच्या चुकीवर लिहिलेला बरा.

आमच्या धाकट्या मुलाने घरामागे लाव्हीची शेड घातली आहे. थोरल्या भावाचा मुलगा नोकरीनिमित्त बोरीवली पूर्वेस राहतो आणि थोरल्या वहिनी त्याच्याकडेच असतात. २०२३ च्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे जायला निघालो. पुतण्याने फोनवर सांगितले, “काका, येताना तीस-एक लाव्ह्या आणा. आमच्या सोसायटीतली चार घरं दर महिन्याला घ्यायला तयार आहेत. आधी चव तर बघू द्या त्यांना.” धंद्याला मुंबईची वाट मिळते म्हटल्यावर आम्ही सगळे खूष झालो.

दुपारी चारला पक्षी कापले, सोलले, धुतले. मांस हाताला अजून कोमट लागत होते, तसेच पिशव्यांत भरले आणि थर्मोकोलच्या खोक्यात घातले. वरून दोन ओंजळी बर्फ टाकला. रात्री आठची गाडी होती. खंबाटकी घाटात एक ट्रक आडवा झालेला, तिथे दोन तास गेले. सकाळी बोरीवलीला नॅशनल पार्कच्या थांब्यावर उतरलो तेव्हा खोक्यात बर्फाचा मागमूस नव्हता. बोट घालून पाहिले तर पाणी कोमट. मांसाला वास मात्र बिलकूल नव्हता, रंगही चांगला होता. मी मनात म्हटले, निभावले.

घरी सूनबाईंनी पिशव्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या. त्यातली एक पिशवी गळत होती, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. खालच्या कप्प्यात काकड्या आणि कोथिंबीर होती. संध्याकाळी सूनबाईंनी लाव्ह्या नळाच्या धारेखाली खळखळून धुतल्या, मग त्याच मोरीत काकड्या धुतल्या. वहिनी माळकरी आहेत. त्यामुळे त्यांची भांडी, चमचे, सुरी, सगळे काटेकोरपणे वेगळे. रस्सा उत्तम झाला होता, मांस चांगले शिजले होते. मी दोनदा मागून घेतले. वहिनींनी वरण-भात आणि काकडीची कोशिंबीर खाल्ली.

दुसऱ्या दिवशी रात्री वहिनींना थंडी वाजून ताप आला. मग पोटात कळा आणि जुलाब सुरू झाले. पाठोपाठ चार वर्षांचा नातू आणि मग पुतण्या. पहाटे तिघांना दवाखान्यात न्यावे लागले. मी, सर्वांत जास्त मांस खाल्लेला माणूस, ठणठणीत होतो.

डॉक्टरांनी प्रत्येकाला विचारले, काय काय खाल्ले? मी म्हणालो, “मांसाचा संबंध नसावा. वहिनी माळकरी आहेत, त्यांनी शिवलेसुद्धा नाही.” डॉक्टर म्हणाले, “मांस सोडा. आजारी पडलेल्या तिघांनीच खाल्लं आणि तुम्ही खाल्लं नाही, असं काय होतं?” हिशेब मांडला तर उत्तर निघाले कोशिंबीर. मला काकडी मानवत नाही म्हणून मी घेतली नव्हती. सूनबाई वाढण्याच्या गडबडीत जेवल्या, त्यांच्या वाट्याला ती उरलीच नव्हती. शौचाच्या तपासणीत साल्मोनेला जंतू निघाले. फ्रीजमध्ये गळलेल्या पाण्यातून ते काकडीवर आले की मोरीतल्या शिंतोड्यांतून, ते सांगता येणार नाही असे डॉक्टर म्हणाले. दोन्ही वाटा उघड्या होत्या.

वहिनींना चार दिवस सलाईन लावावे लागले. तिसऱ्या दिवशी जरा बोलू लागल्या तेव्हा मला म्हणाल्या, “भावजी, सगळा जन्म माळ घालून काढला, आणि शेवटी मांसानंच गाठलं की वो मला.” त्या हसून बोलल्या, पण मला मान वर करवेना. तिघेही बरे झाले, ही पांडुरंगाची कृपा. सोसायटीतल्या चार घरांनी मात्र पुन्हा लाव्हीचे नाव काढले नाही, आणि त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.

उसावरून समजून घेऊ

आपण उसाची माणसे. जंतू म्हणजे काय हे आपल्याला उसावरूनच लवकर कळेल.

फडात उभा असलेला ऊस आतून सुरक्षित असतो. कोयता बसला की कापलेल्या टोकातून जंतू आत शिरतात. त्यांपैकी एकाचे नाव ल्युकोनॉस्टॉक. तो उसातली साखर खातो आणि डेक्स्ट्रान नावाचा बुळबुळीत पदार्थ तयार करतो. असा शिळा ऊस कारखान्यात आला की रस चिकट होतो, गाळायला आणि उकळायला त्रास देतो, आणि उतारा पडतो. म्हणून शेतकी विभाग तुमच्यामागे लागतो की तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. म्हणूनच मिलमध्ये वाफेने आणि जंतुनाशकाने वेळोवेळी धुलाई होते. जंतूंच्या या शास्त्राचा एक धागा साखरेच्याच धंद्याशी जोडलेला आहे. १८५६ साली फ्रान्समध्ये लील या गावी साखरबीटापासून मद्यार्क काढणाऱ्या एका कारखानदाराचा माल नासू लागला, तेव्हा लुई पाश्चर यांनी त्या पिंपांतला रस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता.

मांसाचे तसेच आहे. पक्षी जिवंत असतो तोवर जंतू आतड्यात कोंडलेले असतात. सुरी लागली, आतडे फाटले, विष्ठा मांसाला लागली, की बांध फुटला. पुढे मांस जितका वेळ उबेत राहील तितके जंतू वाढतात. ही वाढ चक्रवाढ व्याजासारखी असते. अनुकूल उबेत साल्मोनेला सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. एकाचे तासाभरात ८, तीन तासांत ५१२, आणि सहा तासांत २ लाख ६२ हजारांवर. आमचे खोके रात्रभर प्रवासात होते. आता तुम्हीच हिशेब करा.

परंतु ऊस आणि मांस यांत एक मोठा फरक आहे. शिळ्या उसाला आंबूस वास येतो. मांसात साल्मोनेला वाढला तरी वास येईलच असे नाही, रंगही बदलेलच असे नाही. मांस नासवून वास आणणारे जंतू वेगळे आणि माणसाला बाधणारे वेगळे. “वास घेऊन बघितला, चांगलं होतं,” हे म्हणणे म्हणूनच निरुपयोगी आहे.

हे जंतू कोणते?

साल्मोनेला : डॅनियल साल्मन या अमेरिकन पशुवैद्याच्या नावावरून हे नाव पडले. १८८५ साली त्यांचे सहकारी थिओबाल्ड स्मिथ यांनी तो शोधला. कोंबडी, बदक, टर्की, लाव्ही, कोणाच्याही आतड्यात तो असू शकतो. पोटात गेल्यावर बहुधा सहा तास ते सहा दिवसांत ताप, कळा, जुलाब सुरू होतात. धडधाकट माणूस आठवड्याभरात बरा होतो. लहान मूल, म्हातारे माणूस, गरोदर बाई किंवा आधीच आजारी असलेला माणूस यांच्यात तो रक्तात उतरून जिवावर बेतू शकतो.

कॅम्पायलोबॅक्टर : पक्ष्याच्या अंगातली एक्केचाळीस-बेचाळीस अंशांची ऊब याला फार मानवते. तो मांसावर बाहेर फारसा वाढत नाही, पण थोडक्या संख्येनेही बाधतो. त्यामुळे शिंतोडा, ओला हात, न धुतलेली सुरी एवढेही त्याला पुरते. दोन ते पाच दिवसांनी जुलाब लागतात, कधी रक्तासह.

क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स : हा शिजवल्यानंतर त्रास देतो. त्याचे बीजाणू उकळीतही तग धरतात. जत्रेला, लग्नकार्याला मोठ्या पातेल्यात केलेला रस्सा रात्रभर तसाच कोमट राहिला की त्यात तो वाढतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळी पंगत पोट धरून बसते.

पुणे आणि नवापूर : दोन आठवणी

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या बाजूला, गुइलेन-बारी नावाच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायांतली ताकद जाते, काहींना श्वासासाठी यंत्र लावावे लागते, असा हा आजार. त्या साथीत दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली आणि काही जण दगावले. अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. मुख्य संशय दूषित पाण्यावर होता. त्या भागातल्या कुक्कुटपालन शेडचीही तपासणी झाली. जुलाबाच्या जंतूशी झुंजताना शरीराची संरक्षक यंत्रणा कधी कधी चुकून आपल्याच नसांवर हल्ला करते, त्यातून हा आजार होतो. असे क्वचितच घडते. पण पक्ष्यांची विष्ठा आणि पिण्याचे पाणी यांची गाठ पडू देणे किती महागात जाऊ शकते हे ध्यानात यावे म्हणून सांगितले. आपली शेड विहिरीच्या वर उताराला असेल तर आजच विचार करावा.

दुसरी आठवण नवापूरची. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर येथे देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला. तो विषाणूचा रोग, आपला आजचा विषय जिवाणूंचा. दोहोंची गल्लत करू नये. परंतु लाखो पक्षी नष्ट करावे लागले आणि ज्यांच्या शेडपर्यंत रोग पोचलाही नव्हता त्यांच्या मालालाही गिऱ्हाईक उरले नाही, हे सर्वांनी पाहिले. गिऱ्हाईक एकदा भ्याले की ते तुमची शेड आणि माझी शेड असा भेद करीत नाही.

शेडमध्ये घ्यावयाची काळजी

१. गादी कोरडी ठेवावी. भाताचे तूस किंवा आपल्या कारखान्याचे बगॅस चालते, पण वाळलेले हवे. ओल्या बगॅसला बुरशी येते. पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भाग रोज काढावा.

२. पिण्याचे पाणी ग्रामपंचायत शुद्ध करते तसे टी.सी.एल. पावडरने शुद्ध करावे. टाकी झाकलेली असावी आणि प्रत्येक तुकडीनंतर घासावी.

३. खाद्य उंदरांपासून सांभाळावे. उंदीर, पाल, चिमणी, कावळा, माशी हे सगळे जंतूंचे हमाल आहेत. जाळी बारीक असावी. वाईट प्रतीच्या सुक्या मासळीच्या कुटीतूनही साल्मोनेला शेडमध्ये येतो.

४. एक तुकडी सगळी एकदम आत, सगळी एकदम बाहेर. मधल्या काळात शेड झाडून, धुऊन, चुना मारून आठ-दहा दिवस रिकामी ठेवावी. कोंबड्या आणि लाव्ह्या एकत्र ठेवू नयेत.

५. दाराशी जंतुनाशकाचे पाणी ठेवून पाय बुडवून आत जावे. शेडची चप्पल वेगळी असावी.

६. प्रतिजैविक औषधे पशुवैद्यकाने सांगितल्याखेरीज देऊ नयेत. वाढ लवकर व्हावी म्हणून तर मुळीच नको. कोलिस्टिन हे औषध माणसांसाठी अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवावे लागते. खाण्याच्या जनावरांत आणि पक्ष्यांत त्याच्या वापरावर केंद्र शासनाने २०१९ च्या जुलैत बंदी घातली आहे. आपल्या शेडमध्ये औषधाला न जुमानणारा जंतू तयार झाला, तर उद्या तो आपल्याच नातवाच्या अंगात औषधाला दाद देणार नाही.

७. लाव्हीची विष्ठा ताजी असताना भाजीपाल्याला घालू नये. खड्ड्यात चांगली कुजवून मग उसाला घालावी.

कापण्यापासून गिऱ्हाईकाच्या हाती जाईपर्यंत

८. कापण्याआधी काही तास खाद्य बंद ठेवावे, पाणी चालू ठेवावे. आतडे रिकामे असले की फाटण्याचा आणि मांस बरबटण्याचा धोका कमी होतो.

९. पिसे काढण्याची जागा आणि पोट साफ करण्याची जागा वेगळी असावी. एकाच बादलीत पन्नास पक्षी बुचकळले की एकाची घाण पन्नासांना लागते. पाणी वरचेवर बदलावे आणि ते पिण्यालायक असावे.

१०. आतडे फुटून मांसाला लागले तर तो पक्षी विक्रीतून बाजूला काढावा. एका पक्ष्याचे पैसे गेले तर जाऊ द्यावेत.

११. मांस आधी गार, मग पेटीत. आमची मूळ चूक हीच. साफ केलेला पक्षी लगेच बर्फाच्या पाण्यात घालून आतपर्यंत थंड करावा, म्हणजे चार अंशांच्या आसपास आणावा. कोमट मांसावर टाकलेला बर्फ मांस थंड करण्यातच वितळून जातो, वाटेसाठी उरत नाही.

१२. पेटीत खाली बर्फ, मध्ये न गळणाऱ्या दुहेरी पिशव्यांत मांस, वर पुन्हा बर्फ. बर्फ मांसाच्या वजनाइतका तरी घ्यावा. उन्हाळ्यात रात्रभराच्या प्रवासाला ताजे मांस पाठवूच नये. मालाची वाहतूक शीतपेटीतून किंवा गोठवलेल्या स्थितीत व्हावी.

१३. तोड-चिठ्ठीशिवाय ऊस हलत नाही, तशी चिठ्ठीशिवाय मांसाची पेटी हलू नये. कापल्याची तारीख आणि वेळ, किती वाजेपर्यंत फ्रीजमध्ये जायला हवे, आणि “नळाखाली धुऊ नये, पूर्ण शिजवून खावे” एवढे तिच्यावर मराठीत लिहावे. गिऱ्हाईक अशी चिठ्ठी विसरत नाही.

१४. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ हा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू आहे. मांस विकणाऱ्या लहान व्यावसायिकालाही नोंदणी लागते. ती करून घ्यावी. रानातला लावा किंवा तितर पकडून विकणे हा मात्र वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. आपण बोलतो आहोत ते फक्त शेडमध्ये वाढवलेल्या जपानी लाव्हीविषयी.

माता-भगिनींसाठी आणि स्वयंपाक करणाऱ्या सर्वांसाठी

कच्चे मांस फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, खोल भांड्यात झाकून ठेवावे. भाजी आणि फळे त्याच्या वर.

मांस नळाच्या धारेखाली धुऊ नये. धुतल्याने जंतू मरत नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओटाभर उडतात. शिजवण्याच्या आचेने ते मरतात. आपल्याकडे धुतल्याशिवाय जिवाला बरे वाटत नाही, हे मी जाणतो. अगदीच धुवायचे असेल तर खोल पातेल्यात, हळूच, शिंतोडे न उडवता धुवावे. ते पाणी अलगद ओतावे आणि मग मोरी, ओटा, नळाची चावी साबणाने घासावी. कोशिंबिरीचे सामान आधी चिरून झाकून ठेवावे, मांसाला हात त्यानंतर.

सुरी आणि पाट वेगळे ठेवावेत. मांस हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज मिठाच्या बरणीलाही शिवू नये.

लाव्ही लहान असल्याने झटकन शिजते, म्हणून घाई होते. भट्टीवर भाजताना बाहेरून करपते आणि मांडीच्या हाडापाशी कच्ची राहते. आतले तापमान ७४ अंशांपर्यंत गेले की जंतू मरतात. हॉटेलवाल्यांनी तापमापक बाळगावा. घरी रस्सा खळखळ उकळावा, आणि मांडीच्या जाड भागात सुरी खुपसून बघावे. लालसर पाणी आले तर आणखी शिजवावे.

शंका-समाधान

शंका : हळद, मीठ, लिंबू चोळून ठेवले तर जंतू मरत नाहीत का?
समाधान : चव लागते, वास जातो. पण त्यावर विसंबून राहावे इतके जंतू मरत नाहीत. मसाला लावलेले मांसही फ्रीजमध्येच मुरत ठेवावे.

शंका : बर्फासारखे गोठवले की मरत असतील?
समाधान : नाही. साल्मोनेला थंडीने झोपतो. मांस वितळले की उठून बसतो. म्हणून गोठवलेले मांस ओट्यावर न ठेवता फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवावे, आणि एकदा वितळलेले कच्चे मांस पुन्हा गोठवू नये.

शंका : लाव्हीचे मांस औषधी म्हणतात. आजारी माणसाला, बाळंतिणीला द्यावे का?
समाधान : आयुर्वेदात लाव पक्ष्याचे मांस पचायला हलके मानले आहे, हे खरे. पण ज्यांना आपण ते प्रेमाने देतो, त्यांनाच हे जंतू सर्वांत जास्त बाधतात. द्यावयाचे तर पूर्ण शिजलेले, ताजे, गरम असतानाच द्यावे. अंडी कच्ची किंवा अर्धी कच्ची देऊ नयेत.

शंका : रस्सा उरला तर?
समाधान : दोन तासांच्या आत उथळ भांड्यांत काढून फ्रीजमध्ये ठेवावा. मोठे पातेले तसेच ठेवले तर आतून पहाटेपर्यंत कोमट राहते. खाताना नुसता कोमट न करता चांगला उकळावा.

शंका : बाधा झालीच तर काय करावे?
समाधान : प्रथम जलसंजीवनी. साखर-मिठाचे पाणी किंवा ओ.आर.एस. घोट-घोट देत राहावे. उरलेल्या प्रतिजैविक गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. जुलाबात रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणे, मूल मलूल पडणे यांपैकी काही दिसले तर वाट न बघता दवाखाना गाठावा. हातापायांत मुंग्या येऊन ताकद जात असेल तर एक तासही दवडू नये.

उजळणीसाठी प्रश्न

१. लाव्ही निरोगी दिसत असूनही तिच्या मांसाने बाधा का होऊ शकते?
२. शिळा ऊस वासावरून ओळखता येतो, दूषित मांस का ओळखता येत नाही?
३. या पाठातील वहिनींनी मांस खाल्ले नव्हते. जंतू त्यांच्यापर्यंत कोणत्या दोन वाटांनी पोचू शकले?
४. कोमट मांसावर बर्फ टाकणे आणि मांस आधी गार करून मग बर्फात ठेवणे यांत फरक काय?
५. आपल्या शेडपासून पिण्याच्या पाण्यापर्यंत उतार कोणीकडे आहे? (याचे उत्तर कागदावर नको. जाऊन बघून यावे.)

बंधूंनो, लाव्हीपालन करू नका असे मी म्हणत नाही. आमच्या मुलाची शेड आजही चालू आहे. फरक इतकाच, की आता तो पक्षी पहाटे कापतो, बर्फाच्या पाण्यात गार करतो आणि दोन तासांच्या वाटेपलीकडे ताजा माल देत नाही. धंदा थोडा कमी झाला, पण रात्री झोप लागते. शिळ्या उसाने आपला उतारा पडतो, तो पुढच्या हंगामात भरून काढता येतो. शिळ्या मांसाने माणूस गेले तर त्याचा हंगाम पुन्हा येत नाही.

बोरीवलीच्या घरी मी गेल्या दिवाळीत जाऊन आलो. जाताना घरचा गूळ आणि हरभरे नेले. वहिनींनी दारातच पिशवी उघडून पाहिली आणि मग आत घेतली. त्यांचा मला राग आला नाही. पुढच्या खेपेस पिशवी न उघडता आत घेतील, एवढा विश्वास परत मिळवणे हे काम आता आमचे आहे.